एमडीएडीएमने डिस्कचा आरसा: बांधणी, मोडणी आणि पुन्हा जोडणी

माझ्या मेहुण्याचा तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्याकडे मुहूर्तांची रांग लागते, आणि व्हिडिओ धरून एकेका लग्नाला दोन-अडीचशे जीबी सहज भरतात. एकदा त्याने सगळं साठवलेल्या एकुलत्या एक डिस्कवर हात ठेवून विचारलं, "दाजी, ही बसली तर माझं काय?" त्या दिवशी मी त्याला जुन्या डेस्कटॉपवर मिरर बांधून दिला. पुढे तो फोनवरून एकेक पायरी विचारत राहिला आणि मी वहीत उत्तरं लिहीत गेलो. त्या वहीचा हा विस्तार.

कमांड इथे फोनवर सांगतो तशाच, देवनागरीत दिल्या आहेत. तुम्ही टंकाल तेव्हा सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. मोठं अक्षर लागेल तिथे मी सांगेन. मुख्य हत्यार एमडीएडीएम: एम, डी, ए, डी, एम ही पाच अक्षरं जोडून. ते लिनक्सच्या कर्नलमधल्या एमडी या भागाशी बोलतं. उदाहरणं डेबियन आणि उबुंटूची आहेत.

आरसा म्हणजे काय, काय नाही

रेड ही कल्पना १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या निबंधामुळे सर्वतोमुखी झाली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या, असा तिचा गाभा. अशा जुंपलेल्या संचाला अ‍ॅरे म्हणतात. त्यातली लेव्हल १ म्हणजे मिरर. लिहिलेली प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कवर जाते, वाचताना कुठलीही एक चालते. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा ४ टीबीचीच मिळते, आणि लिनक्स ती ३.६ दाखवतो, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो. दुकानदाराने फसवलेलं नाही.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. मिरर फक्त एवढंच बघतो की एक डिस्क मेली तरी उद्या सकाळी दुकान उघडं राहील. मेहुण्याची वेगळी तिसरी डिस्क आजही घरी कपाटात असते. ती नसती तर मी त्याला मिरर करूच दिला नसता.

डिस्क घेताना

दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच घाण्यातल्या डिस्क एकसारख्या वापरात आगेमागेच दमतात. जमल्यास दोन कंपन्यांच्या घ्या. एसएमआर प्रकारच्या डिस्क टाळा. त्यांत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात आणि सलग तासन्‌तास लिहायची वेळ आली की वेग कोसळतो. मिरर पुन्हा भरताना नेमकं तेच करायचं असतं. यूएसबीच्या डिस्कवर मिरर बांधता येतो, पण केबल सैल झाली की डिस्क गेली असं समजून अ‍ॅरे तिला बाहेर काढतो. सवडीच्या कामाला ठीक, दुकानाला नाही.

नवी डिस्क आल्या आल्या भरायला घेऊ नका. आधी तिची लांब तपासणी लावा:

सुडो स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एसडीबी

मोठ्या डिस्कला रात्रभर लागते. सकाळी याच कमांडमध्ये "-टी लाँग"च्या जागी "-ए" घालून निकाल बघा. रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब निघालेले आणि संशयित तुकडे) शून्य नसतील, तर परत करायची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.

आधी खोट्या डिस्कवर हात बसवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी तीच सगळ्यात महत्त्वाची मानतो. दोन साध्या फाइलींना डिस्कचं सोंग देता येतं आणि त्यांच्यावर हवी तितकी मोडतोड करता येते. आधी एमडीएडीएम बसवा, मग दोन फाइली बनवा (जी मोठा):

सुडो एपीटी इन्स्टॉल एमडीएडीएम
ट्रंकेट -एस १जी अ.आयएमजी ब.आयएमजी
सुडो लोसेटअप -एफ --शो अ.आयएमजी
सुडो लोसेटअप -एफ --शो ब.आयएमजी

फाइलींची नावं अर्थात ए आणि बी ठेवा. लोसेटअप उत्तरात /डेव्ह/लूप२० असं काहीतरी छापेल. उबुंटूवर आधीचे बरेचसे लूप स्नॅपने अडवलेले असतात, त्यामुळे आकडा मोठा आला तर दचकू नका. तुम्हाला मिळालेले आकडे घालून मिरर बांधा:

सुडो एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी९ --लेव्हल=१ --रेड-डिव्हाइसेस=२ /डेव्ह/लूप२० /डेव्ह/लूप२१

आता "कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट" मारा. चौकटी कंसात दोन मोठे यू शेजारी शेजारी दिसले की दोन्ही बाजू धडधाकट. या अ‍ॅरेवर फाइल सिस्टीम टाका, तो माउंट करा (म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडा), दोन-चार फोटो कॉपी करा आणि एक बाजू मुद्दाम मारा:

सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी९ --फेल /डेव्ह/लूप२१
सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी९ --रिमूव्ह /डेव्ह/लूप२१

आता एका यूच्या जागी खालची रेघ दिसेल. फोटो उघडून बघा, उघडतात. मग लूप२१ ही नवी कोरी डिस्क आहे असं समजून तिच्यावरची जुनी खूण पुसा आणि पुन्हा आत घ्या:

सुडो एमडीएडीएम --झीरो-सुपरब्लॉक /डेव्ह/लूप२१
सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी९ --अ‍ॅड /डेव्ह/लूप२१

एमडीस्टॅटमध्ये रिकव्हरीची पट्टी सरकताना दिसेल. हे तीनदा करा. खरी डिस्क मरते तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं असतं आणि हात थरथरत असतात. त्या वेळी आठवतं ते फक्त आधी केलेलं. खेळ संपला की अनमाउंट करा, "--स्टॉप /डेव्ह/एमडी९" द्या आणि "लोसेटअप -डी"ने दोन्ही लूप मोकळे करा.

कोणती डिस्क कोण

इथे माझी फजिती झाली होती, तीही दुसऱ्याच्या नाही, माझ्याच घरी. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतो ती बूट होताना ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने. आदल्या रात्री मी एसडीबी कोण, एसडीसी कोण ते वहीत टिपलं. सकाळी यूएसबीचं कार्ड रीडर लावलेलं होतं, मशीन चालू केलं, आणि एसडीबी हे नाव त्या रीडरकडे गेलं. बाकीच्या डिस्क एकेक घर पुढे सरकल्या. मी वही बघून एसडीसीवर कमांड मारली आणि त्या नावावर सरकून आलेली, फोटोंनी भरलेली डिस्क कोरी झाली. कॅमेऱ्याची कार्डं अजून फॉरमॅट मारायची राहिली होती, म्हणून वाचलो.

तेव्हापासून नियम एकच: अक्षरावर विश्वास नाही, सिरियल नंबरवर.

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,माउंटपॉइंट

कॅबिनेट उघडा आणि प्रत्येक डिस्कच्या लेबलावरचा सिरियल या यादीशी ताडून बघा. शेवटचे चार आकडे मार्करने पट्टीवर लिहून, डिस्क बेमधून न काढता दिसतील अशा बाजूला चिकटवा. ज्यांवर मिरर बांधायचा त्या डिस्कच्या पुढे माउंटपॉइंटचा रकाना रिकामा असलाच पाहिजे.

खरी बांधणी

समजा तपासून ठरलं की आपल्या डिस्क एसडीबी आणि एसडीसी आहेत. आधी जुन्या खुणा पुसा. यानंतर परतीचा रस्ता नाही, म्हणून एंटर मारण्याआधी सिरियल पुन्हा एकदा बघा:

सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी
सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीसी

मग प्रत्येकीवर एकेक पार्टिशन. ही कमांड जीडिस्क नावाच्या पॅकेजमध्ये येते (१०० नंतरचा एम मोठा):

सुडो एसजीडिस्क -एन १:०:-१००एम -टी १:एफडी०० /डेव्ह/एसडीबी
सुडो एसजीडिस्क -एन १:०:-१००एम -टी १:एफडी०० /डेव्ह/एसडीसी

एफडी०० ही लिनक्स रेडची खूण. शेवटी १०० एमबी मोकळी सोडली, कारण चार वर्षांनी बदली डिस्क आणाल ती दुसऱ्या कंपनीची असेल आणि "४ टीबी" लिहूनही काही सेक्टरनी तोकडी निघू शकेल. मिररमध्ये तोकडी डिस्क बसत नाही. बरेच जण पार्टिशन न करता अख्खी डिस्कच देतात आणि तेही चालतं. पण पार्टिशन नसलेली डिस्क दुसऱ्या सिस्टीमला कोरी वाटते, आणि कुणीतरी ती विंडोजला लावून "इनिशियलाइझ करू का?" या प्रश्नाला हो म्हणतं. मी ती पाळी येऊ देत नाही.

आता मुख्य कमांड:

सुडो एमडीएडीएम --क्रिएट --व्हर्बोज /डेव्ह/एमडी० --लेव्हल=१ --रेड-डिव्हाइसेस=२ --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीसी१

ती मध्येच थांबून एक इशारा देईल, की मेटाडेटा (अ‍ॅरेची ओळख सांगणारी नोंद) डिस्कच्या सुरुवातीला आहे, म्हणून बूट करण्यासाठी हा अ‍ॅरे कदाचित योग्य नाही. आपण फोटो ठेवणार, बूट करणार नाही, तेव्हा वाय दाबा. १.२ आवृत्तीचा मेटाडेटा सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो, आणि काही बूटलोडरना नेमकी ती जागा गैरसोयीची असते. बूटसाठीच मिरर हवा असेल तर "--मेटाडेटा=१.०" द्या, म्हणजे तो शेवटाला जातो.

बिटमॅपचा शब्द मी मुद्दाम लिहितो. तो म्हणजे डिस्कच्या कुठल्या भागात अलीकडे लिहिणं चाललं होतं त्याची छोटी नोंदवही. दुपारी वीज गेली आणि यूपीएसनेही हात टेकले, तर वीज आल्यावर फक्त नोंदलेले भाग जुळवले जातात. बिटमॅप नसेल तर ४ टीबी पहिल्यापासून.

एंटर मारताच रीसिंक सुरू होतं. डिस्क रिकाम्या असल्या तरी कर्नल एकीवरचं सगळं दुसरीवर उतरवतो, कारण रिकामं काय नि भरलेलं काय हे त्याला कळत नाही. सेकंदाला १५० एमबी धरले तर ४ टीबीला साधारण साडेसात तास लागतात. बघत बसायचं असेल तर:

वॉच कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

या वेळात अ‍ॅरे वापरता येतो, थोडा मंद चालतो इतकंच. वेग फारच कमी वाटला तर "सुडो सिस्टीएल -डब्ल्यू डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मिन=५००००" मारून बघा (ही कमांड एस, वाय, एस, सी, टी, एल अशी). मुळातली किमान मर्यादा १००० केबी असते, म्हणून मशीनवर दुसरं काम चालू असलं की रीसिंक मागे पडतं. हे टाळायला "--अ‍ॅश्यूम-क्लीन" वापरा असं कुणी सांगेल. मिररच्या बाबतीत ऐकू नका. त्याने दोन्ही बाजू सारख्या आहेत असं नुसतं गृहीत धरलं जातं, त्या सारख्या होत नाहीत.

फाइल सिस्टीम अ‍ॅरेवर टाकायची, डिस्कवर नाही:

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम १ /डेव्ह/एमडी०

ईएक्सटी४ एरवी ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतो. ४ टीबीत ते २०० जीबी होतात, म्हणजे जवळपास एक लग्न. "-एम १"ने ते १ टक्क्यावर येतं.

रीबूटनंतरही तो सापडला पाहिजे

अ‍ॅरेची ओळख फाइलीत लिहून ठेवली नाही तर रीबूटनंतर एमडी० गायब होतो आणि एमडी१२७ नावाचा पाहुणा दिसतो. डेटा तोच असतो, नाव बदलतं. म्हणून:

सुडो एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन | सुडो टी -ए /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

मधली उभी रेघ म्हणजे पाइपचं चिन्ह, पोथीतला दंड नव्हे. तिच्यानंतरची टी म्हणजे टी, ई, ई अशी तीन अक्षरं. ही कमांड दोनदा मारलीत तर ओळही दोनदा चिकटते, तेव्हा फाइल उघडून एकच राहिली आहे ना ते पाहा. दुसरी ओळ अनेकांकडून राहते आणि एमडी१२७ येतो तो बहुधा तिच्यामुळेच, कारण बूटच्या सुरुवातीला वाचली जाते ती इनिटरॅमएफएसमधली (बूटपुरत्या छोट्या सिस्टीममधली) प्रत.

आता "सुडो बीएलकेआयडी /डेव्ह/एमडी०"ने फाइल सिस्टीमचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) काढा, "सुडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/फोटो"ने फोल्डर करा, आणि /ईटीसी/एफएसटॅबमध्ये ही ओळ घाला (यूयूआयडी हा शब्द मोठ्या अक्षरांत):

यूयूआयडी=तुमचा-आकडा /एसआरव्ही/फोटो ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

नोफेल विसरलात आणि एखाद्या दिवशी अ‍ॅरे उभा राहिला नाही, तर मशीन दीड मिनिट वाट बघून आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर थांबतं. स्टुडिओतल्या पोराला तिथून पुढे काही सुचत नाही. "सुडो माउंट -ए" मारून ओळ बरोबर आहे का ते आत्ताच पाहा, आणि एकदा खरोखर रीबूट करा.

मेलेली डिस्क कळणार कशी

मिररचा सर्वात मोठा धोका म्हणजे तो गप्प बसतो. एक डिस्क मेली तरी फोटो उघडतात, एडिटिंग चालतं, कुणाला काही कळत नाही. सात-आठ महिन्यांनी दुसरी जाते आणि सगळे म्हणतात, "अरे, रेड होतं ना?"

एमडीएडीएम.कॉन्फमध्ये मेलअ‍ॅडर ही ओळ (मोठ्या अक्षरांत, एम, ए, आय, एल, ए, डी, डी, आर) आणि पुढे तुमचा ईमेल पत्ता लिहा. मशीनमधून मेल बाहेर जायला एमएसएमटीपीसारखं छोटं साधन बसवावं लागतं. ते झालं की चाचणी:

सुडो एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट

पाच मिनिटांत मेल आला नाही, तर पाळत आहे असं समजू नका. मेहुणा ईमेल उघडतच नाही, म्हणून त्याच्या मशीनवर मी प्रोग्रॅम ही ओळ वापरली. तिच्यात आपली छोटी स्क्रिप्ट देता येते, आणि त्या स्क्रिप्टने टेलिग्रामवर निरोप पाठवला की तो लगेच बघतो.

डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी आपणहून अख्खा अ‍ॅरे तपासतो. त्या दिवशी डिस्कचा खरखराट ऐकून एमडीस्टॅट उघडलं आणि "चेक" दिसलं तर घाबरून बंद करू नका. फारसा न वाचला जाणारा एखादा कोपरा खराब झालेला असेल, तर तो याच तपासणीत सापडतो.

स्वस्त डेस्कटॉप डिस्कची आणखी एक खोड आहे. खराब सेक्टर लागला की त्या एकाच जागेवर एक-दोन मिनिटं झटत बसतात. कर्नल ३० सेकंदांनी कंटाळतो, डिस्कला रीसेट करतो आणि कधी कधी चांगली डिस्क अ‍ॅरेबाहेर जाते. "सुडो स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीबी" या कमांडने डिस्कला ७ सेकंदांची मर्यादा घालता येते. वीज गेली की बहुतेक डिस्क ती विसरतात, म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्क ऐकतच नसेल तर उलट बाजूने जा आणि /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/टाइमआउट या फाइलीत १८० लिहून कर्नललाच धीर धरायला सांगा (सिस म्हणजे एस, वाय, एस).

डिस्क बदलण्याचा दिवस

निरोप आला, एमडीस्टॅटमध्ये एकच यू आहे. पहिलं काम स्क्रू ड्रायव्हर शोधायचं नाही. पहिलं काम म्हणजे बॅकअप ताजा आहे का ते बघणं, कारण आता सगळा भार एकाच डिस्कवर आहे आणि तिला लवकरच सलग सात-आठ तास वाचत राहायचं आहे.

मग "सुडो एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०". मेलेली डिस्क फॉल्टी म्हणून दिसली तर --फेल आणि --रिमूव्ह द्या, सरावात केलं तसंच. अनेकदा ती इतकी मेलेली असते की यादीतच नसते आणि सिरियलही मिळत नाही. तेव्हा उलटं करा: जिवंत डिस्कचा सिरियल काढा, कॅबिनेटमधल्या पट्ट्या बघा, आणि जी जिवंत नाही ती उपटा. चांगली डिस्क उपटणं हा या सगळ्या खेळातला सर्वात महाग अपघात.

नवी डिस्क बसवून तिच्यावर वरचीच एसजीडिस्कची ओळ मारा. जुनीचं पार्टिशन टेबल कॉपी करायची एक पळवाट आहे, पण तिच्यात कुठली डिस्क आधी नि कुठली नंतर हा क्रम उलटा वाटतो, आणि चुकलं तर कोरं टेबल चांगल्या डिस्कवर जातं. एक ओळ जास्त टंकलेली बरी. शेवटी:

सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --अ‍ॅड /डेव्ह/एसडीबी१

दोन यू परत दिसेपर्यंत मशीन बंद करू नका आणि त्या संध्याकाळी मोठं एडिटिंगही घेऊ नका.

आधीच भरलेली डिस्क असेल तर

मेहुण्याची परिस्थिती खरं तर हीच होती: एक डिस्क भरलेली आणि एकच नवी. भरलेल्या डिस्कवर थेट क्रिएट मारलं तर फोटो जातात. उपाय असा, की नव्या डिस्कवर अर्धा मिरर बांधायचा आणि दुसऱ्या जागी "मिसिंग" हा शब्द द्यायचा:

सुडो एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी० --लेव्हल=१ --रेड-डिव्हाइसेस=२ --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एसडीसी१ मिसिंग

फाइल सिस्टीम टाका, माउंट करा, "आरसिंक -एएचएएक्स"ने जुनीवरचं सगळं आणा (पहिला ए लहान, पुढची एच, ए, एक्स ही तीन अक्षरं मोठी). मग काही दिवस त्यावरच काम करा, फोल्डरं उघडून बघा, मोजा. खात्री पटल्यावरच जुनी डिस्क पुसून पार्टिशन करा आणि --अ‍ॅड द्या. अर्धा मिरर बांधताना नवी डिस्क जुन्या डिस्कपेक्षा मोठी नको, नाहीतर जुनी तोकडी पडेल आणि मिररमध्ये बसणारच नाही. आणि जुनी डिस्क पुसल्यापासून रीसिंक पूर्ण होईपर्यंत फोटोंची एकच प्रत असते, म्हणून ती कपाटातली तिसरी डिस्क त्याच्या आधी भरून घ्या.

दुसरी हत्यारं

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम मिरर स्वतःच सांभाळतात, आणि प्रत्येक तुकड्याची चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतात. दोन बाजूंत फरक पडला तर खरी कोणती हे त्यांना कळतं. एमडी बिचाऱ्याला फरक आहे एवढंच कळतं. झेडएफएसमध्ये "झेडपूल क्रिएट", मग पूलचं नाव, मग मिरर हा शब्द आणि दोन डिस्क, एवढ्यात काम होतं. डिस्क मात्र /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधल्या लांबलचक नावांनी द्या, त्यांत सिरियल असतो. आज नवं मशीन बांधायचं आणि रॅम पुरेशी असेल तर मी झेडएफएसच घेईन. मेहुण्याच्या डेस्कटॉपमध्ये ४ जीबी रॅम होती आणि ते मशीन बिघडलं तर डिस्क कुठल्याही लिनक्सवर उघडायला हव्या होत्या, म्हणून एमडीएडीएम. अशा वेळी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून "सुडो एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन" मारलं की अ‍ॅरे उभा राहतो, एकच डिस्क हाताशी असेल तर सोबत "--रन" जोडायचं.

त्याच्या कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: दोन सिरियल, दोन्हींच्या खरेदीच्या तारखा, यूयूआयडी आणि फेल-रिमूव्ह-अ‍ॅड या तीन ओळी. मागच्या पावसाळ्यात एक डिस्क गेली तेव्हा मी प्रवासात होतो आणि फोन लागत नव्हता. त्याने कागद बघून बदलली, आणि रात्री मला फक्त दोन यूंचा फोटो पाठवला.